बद्रीच्या भिंतींवरचा चेहरा

नाईलच्या पलीकडून होडीने आमच्या काठाला लागलं की आधी धक्क्यावरची चहाच्या जाहिरातीची भिंत दिसते. चहा कंपनीचा माणूस छापील चित्र घेऊन आला होता. गावचा रंगारी बद्री, त्याने ते गुंडाळून त्याच्याच हातात परत दिलं आणि रंगात चहाची पत्ती खलून पेला रंगवला, तो हातात धरलेली हसरी बाईही रंगवली. अजूनही दुपारी कुणी त्या भिंतीवर पाणी मारलं की वास येतो. टायरवाल्या सिद्कीच्या भिंतीवर त्याने काळ्या रंगात बुडवलेलं चाक पार छपरापर्यंत फिरवलं. दातांच्या डॉक्टरसाठी फुटक्या पांढऱ्या बश्यांचे तुकडे बसवून हसणारं तोंड केलं. ते पाहून पोरं घाबरली, पण डॉक्टरचा दवाखाना चालला.

विकतचा रंग आणणं बद्रीच्या जिवावर यायचं. निळा कपड्यांच्या निळीतून, लाल विटेच्या भुकटीतून, काळा काजळीतून, आणि हे सगळं भिंतीला धरून राहावं म्हणून अंड्याचा बलक. "कोंबड्या माझ्या, आणि अंडी खातात गावाच्या भिंती," असं त्याची बायको वहीबा म्हणायची, आणि म्हणता म्हणता अंडी फोडूनही द्यायची.

पण त्याचा खरा मान हजच्या भिंतींचा. आमच्याकडे माणूस मक्केला गेलं की मागे त्याच्या घराची भिंत रंगवतात. विमान, काबा, तलवार धरलेला सिंह, आणि मधोमध पांढऱ्या कपड्यांत यात्रेकरू. यात्रेकरूचा चेहरा सगळ्यांत शेवटी, तो परतीला निघाल्याचा फोन आल्यावर. मग माणूस दारात येतो, स्वतःलाच भिंतीवर बघतो आणि बाया जीभ हलवून आनंदाची किलकारी देतात. गावातल्या बहुतेक हज्जा, म्हणजे हज करून आलेल्या बाया, बद्रीच्याच हातच्या, आणि सगळ्या दिसायला सारख्या. या गोष्टीची थट्टा जुनी होती.

"उस्ताद, माझं नाक एवढं सरळ कधी होतं रे?" शेजारच्या हज्जा तफीदाने विचारलं होतं.

"मक्केला जाऊन आलीस ना, झालं सरळ!"

यंदा सरकारी सोडतीत वहीबाचं नाव निघालं, बद्रीचं नाही. ती भावाबरोबर गेली. निघताना पिशवीला गाठ मारत म्हणाली, "माझ्या भिंतीवर सिंह नको. मला त्याची भीती वाटते."

"मग काय काढू?"

"शेळी काढ माझी. आणि हे बघ, मला माझ्यासारखी काढ."

"काढतो गं," म्हणून बद्रीने ते हसण्यावारी नेलं. आयुष्यभर माणसं रंगवणाऱ्याला कुणी असं सांगायचं असतं का!

ती गेली ती तिकडेच. हजच्या मुख्य दिवशी अराफातच्या मैदानावरून परतल्यावर तंबूत झोपली आणि उठली नाही. तिकडच्याच मातीत तिला ठेवलं. लोक म्हणाले, केवढं भाग्य, अशी माती कुणाला मिळते! बद्री मान डोलवत राहिला. भाग्य होतंच, पण घरात चूल थंड होती, आणि त्या भाग्यवान बाईच्या कोंबड्या दाणे मागत त्याच्या पायांत घोटाळत होत्या.

भिंत मात्र तयार होती. विमान होतं, काबा होता, शेळी तर हुबेहूब वठली होती. मधे पांढरी वस्त्रं, आणि वस्त्रांच्या वर चुन्याचा एक मोकळा गोल.

"चुना फिरव त्याच्यावर," मशिदीतून परतताना सिद्की म्हणाला. "आलेल्या माणसाची भिंत आहे ती. जो यायचा नाही त्याची भिंत कुठे काढतात का?"

"मी तिला कबूल केलंय."

"कुणाला? जी बघायची नाही तिला?"

बद्री घराकडे वळला. रोज दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजानंतर तो मचाणावर चढून त्या गोलासमोर बसायचा, कुंचला भिजवायचा आणि तसाच धुऊन ठेवायचा. चेहरा येईना. चाळीसेक वर्षं जिच्या हातची भाकर खाल्ली तिचं नाक कसं, डोळे कसे, काही म्हणता काही आठवेना. मेहुणा परत आला तेव्हा त्याने तिच्या पासपोर्टवरचा फोटो आणून दिला. कॅमेऱ्याला भ्यायलेली, चोरी पकडल्यासारखी एक बाई होती त्यात. बद्रीने तो उलटा करून ठेवला. वहीबा त्याच्याजवळून दुसऱ्यांदा चालली होती, आणि या खेपेला तिला धरणं त्याच्याच हातात होतं. त्याला रडू फुटलं ते त्या दिवशी.

शेवटी तफीदाला राहवलं नाही. ती काठी टेकत आली. "ऊठ. माझ्या घरी चल."

तिने त्याला स्वतःच्याच भिंतीपुढे उभं केलं. ऊन-वाऱ्याने विमान फिकं झालं होतं, हज्जाचा चेहरा मात्र शाबूत होता.

"कोण आहे ही?"

"तू."

"मी? माझं नाक बघ आणि हे बघ. बद्री, तुझी बायको इतकी वर्षं माझ्या दारावर उभी आहे!"

बद्री बघत राहिला. सरळ नाक. एक भुवई जराशी वर, वहीबा अंड्यांवरून बोलायची तेव्हा चढायची तशी.

"गावाला ठाऊक होतं?"

"आंधळा तू एकटा."

"मग कुणी बोललं का नाही?"

"काय बोलायचं? आपल्याकडे पुरुष चारचौघांत बायकोचं नावसुद्धा घेत नाही, 'घरचे' म्हणतो. आणि तुझे घरचे धक्क्यावर पेला धरून उभे आहेत, हे तुझ्या तोंडावर कोण सांगणार? खून पडले असते."

"तिला कळलं होतं?"

"धक्क्यावर गेली की बुरखा पुढे ओढून घ्यायची. पण इथे आली की या भिंतीजवळच बसायची. म्हणायची, मेल्याने एवढं लक्ष घरी दिलं असतं तर!"

बद्री धक्क्यावर गेला. पेला धरलेली वहीबा होडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाकडे बघून हसत होती. त्याला लाज वाटली, आणि लाजेहून मोठं काहीतरी वाटलं.

घरी येऊन त्याने कुंचला उचलला. आता हात थांबेना. नाक, भुवई, हनुवटी, सगळं आपसूक आलं. तफीदा खाली मातीच्या ओट्यावर बसून बघत होती.

"ही आमच्या गावात नवरी होऊन आली ती," ती म्हणाली. "परवा मक्केला गेली ती कुठे आहे?"

बद्रीचा हात खाली आला. "ती मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "समोर बसायची जेवताना. मी भिंतींचाच विचार करायचो."

तफीदाने गल्लीत हाक दिली. काळ्या कपड्यांतल्या बाया एकेक करून ओट्यावर येऊन बसल्या. असं गावात कधी झालं नव्हतं. परपुरुषाला त्याच्या बायकोचा चेहरा त्या सांगत होत्या, तोही भर रस्त्यात.

"डावी पापणी झुकली होती तिची, त्या तापानंतर."

"गाल आत गेले होते. एवढे खोल नको काढूस, खायची ती चांगलं!"

"कपाळावर तीन आठ्या."

"चार. चौथी याच्यामुळे."

कुणीतरी हसलं आणि हसतानाच डोळे पुसले. बद्री आत गेला, वहीबाच्या चहाच्या भांड्याच्या बुडाला बसलेला काळपट साका खरवडून आणला, बलकात कालवला आणि आठ्या काढल्या. चार. पापणी झुकवली. कपाळावर पांढरी बट ओढली. बाया सांगत गेल्या आणि तो काढत गेला, आणि हळूहळू सांगणं थांबलं.

खाली उतरून तो मागे सरला. भिंतीवर म्हातारी वहीबा शेळीशेजारी उभी होती, भुवई चढवून.

"हीच," एक जण म्हणाली.

सुतकाच्या घरी वर्षभर किलकारी द्यायची नसते, हे पोरीबाळींनाही ठाऊक असतं. तफीदा काठीवर जोर देऊन उठली, तोंडापुढे हात धरला आणि किलकारी दिली. पहिली फाटकी निघाली. दुसरीला सगळ्या बायांचा आवाज लागला.

बद्रीने ओले हात कपड्यांना पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा, भर गल्लीत, सगळ्यांदेखत बायकोला नावाने हाक मारली. "वहीबा," तो म्हणाला, "आलीस?"