आत्याच्या झोल्याचा तिसरा कप्पा

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, कंपनीच्या कँटीनमध्ये ताट घेऊन रांगेत उभी होते. बाबा एवढंच म्हणाले, "सकाळी गेली. झोपेतच." मी बरं म्हटलं, ताट भरून घेतलं आणि खिडकीजवळ बसून सगळं जेवले. शेजारच्या मुलीला काही सांगितलं नाही. रजेच्या अर्जात 'घरचं काम' असं लिहिलं. याला आता पाच आठवडे झाले. तिच्याबद्दल मी अजून कुणाशी नीट बोललेली नाही... लिहिणं त्यातल्या त्यात सोपं जातं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आम्ही मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला, ती जवळच सौंसरला. तहसील कचेरीत नोकरी, काका लवकर गेले, मूलबाळ नाही. सुटी आली की तिचा पाय घरात ठरत नसे. कुणाच्या संत्र्याच्या बागेत गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची पार्टी असो की लोधीखेड्याचं लग्न, ती निघालीच. आणि जाताना मला घेऊन जायची. मी कमी बोलायचे, पाहुण्यांत आईच्या मागे लपायचे, ते तिला चालायचं. म्हणायची, "हे पोरगी संग असली का एकटं बी रायता येते, अन् सोबत बी होते."

छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीच्या घाटात मला हमखास उलटी व्हायची. एकदा तिच्या नव्या साडीवरच झाली. आजूबाजूची माणसं नाकाला पदर, रुमाल लावून सरकली. आत्या जागची हलली नाही. झोल्यातून संत्र्याचं साल काढून तिनं माझ्या नाकाशी दाबलं आणि पाठीवर हात फिरवत राहिली. छिंदवाड्याला उतरून नळावर साडी धुतली आणि तशीच ओली साडी नेसून माझ्यासोबत बाजार फिरली. मी सात वर्षांची असेन. ती हलली नाही, हे तेव्हा मला काही विशेष वाटलं नव्हतं.

मी कॉलेजात असताना तिला आतड्याचा कॅन्सर निघाला. नागपूरला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पोटाला डाव्या बाजूला छिद्र करून आतड्याचं तोंड तिथे बाहेर काढलं. आता कायम तिथे पिशवी लावायची होती. पिशवीसोबत इंग्रजीतली पुस्तिका होती. घरात इंग्रजी शाळेत शिकलेली मीच, म्हणून ती वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. काही शब्दांचं मराठी मला येत नव्हतं, काहींचं येऊनही तोंडातून निघत नव्हतं. शेवटी एक पान प्रवासाबद्दल होतं. पिशवी पोटाला धरून ठेवणाऱ्या चिकट चकत्यांना मधलं भोक घरूनच कापून न्यावं, लागतं त्याच्या दुप्पट सामान घ्यावं, ते हातातल्या झोल्यात ठेवावं, निघण्याआधी पिशवी रिकामी करावी. ते पान तिनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

बाबांचं म्हणणं, आता बाईनं घरी आराम करावा. आत्या म्हणाली, "पोटाचा रस्ता बदलला ना बापा, पायाचा थोडीच बदलला?"

तिनं प्रवासाची सवय नव्यानं केली, लहान मूल चालायला शिकतं तशी. ऑपरेशननंतर ती आमच्याकडे राहिली होती, म्हणून आधी पांढुर्ण्याहून पॅसेंजरनं फक्त तिगावपर्यंत. एकच स्टेशन. उतरायचं, बाकावर बसून चहा प्यायचा, मिळेल त्या गाडीनं परत. मग नागपूर, मग बैतूल. आदल्या दिवसापासून वांगं, कोबी, डाळी बंद. प्रवासात मुरमुरे आणि केळं. कुणाकडे गेल्यावर यजमानीण वाढायला लागली की ताटावर आडवा हात धरायची. लोक रुसायचे, ती मात्र खुशाल रुसू द्यायची. चकत्या कापायचं काम माझं. बामच्या डबीचं झाकण बरोबर त्या छिद्राच्या मापाचं होतं. ते ठेवून पेन्सिलनं गोल काढायचा आणि बारीक कात्रीनं कापायचं.

त्या छिद्राला ती 'शेजारीण' म्हणायची. एकदा विहारात सगळे डोळे मिटून शांत बसलेले असताना पोटातून लांब आवाज आला. पुढच्या रांगेतल्या बाया वळून पाहू लागल्या. आत्या डोळे न उघडताच म्हणाली, "शेजारीण बोलून राहिली. तिले कोण गप बसवनार?" बाया हसल्या. मी मात्र चटईची वीण मोजत बसले.

त्यानंतर कधीतरी नागपूरहून परत येतानाची ती गाडी. सकाळी निघायच्या घाईत बामचं झाकण सापडलं नव्हतं आणि मी चकत्या अंदाजानं कापल्या होत्या. भोक मोठं झालं. काटोल सुटल्यावर चकती एका बाजूनं सुटली आणि डब्यात वास पसरला. लोक एकमेकांच्या लेकरांकडे पाहू लागले. मग आत्याच्या साडीवरचा डाग कुणाला तरी दिसला. समोरच्या बाईनं मला विचारलं, "ह्या तुमच्यासंग हायत का?"

मी "नाही" म्हणाले.

म्हणाले आणि उठून दारात जाऊन उभी राहिले. मागे वळून पाहिलं नाही. आत्या झोला घेऊन माझ्या मागून संडासात गेली, बऱ्याच वेळानं दुसरी साडी नेसून आली आणि आपल्या जागेवर बसली. पांढुर्ण्याला उतरल्यावर तिनं मला चकत्यांबद्दल विचारलं नाही. त्या 'नाही'बद्दलही नाही. आम्ही दोघी किती अंतरावर होतो, तिला ऐकू गेलं असेल का, हे मी नंतर कितीदा तरी मनात मोजलं आहे... समोरासमोरच बसलो होतो. ऐकू न जायला काही कारण नव्हतं.

"दारात हवा चांगली लागते, नाही?" एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर प्रत्येक प्रवासात गाडीत चढल्याबरोबर ती स्वतःच सांगायची, "तू जाय, दारापाशी उभी राय." आणि मी जायचे. ती मला सूट देत होती आणि मी घेत होते. चकत्याही ती स्वतःच कापू लागली.

मागच्या हिवाळ्यात तिचा पुण्याला फोन आला. "सांचीले येतं का? लय दिवसापासून मनात हाय. भोपाळपर्यंत तं सरळ गाडी हाय." मी रजा नाही म्हटलं. रजा होती. ती "बरं, राहू दे" म्हणाली आणि एकटीच गेली. स्तूपासमोरचा तिचा एक फोटो आला, कुणा अनोळखी माणसानं काढलेला. डोळ्यांवर ऊन, खांद्याला झोला, तोंडभर हसू. मी त्यावर अंगठ्याचं चित्र पाठवलं. उन्हाळ्यात आजार परत आला, यकृतात. मग ती कुठेच गेली नाही.

ती गेल्यावर मी पोचले तेव्हा सौंसरच्या घरी तो झोला दाराच्या खिळ्याला तसाच अडकवलेला होता. त्याला तीन कप्पे. पहिल्यात पिशव्या आणि कापून ठेवलेल्या चकत्या, सोबत बामच्या डबीचं झाकण. दुसऱ्यात पाण्याची बाटली, साबण, जुने पेपर, घडी घातलेली साडी. तिसरा कप्पा मी कधी उघडला नव्हता, तिचं काही खाजगी असेल म्हणून. त्यात उलटीसाठी ठेवतात तशा दोन साध्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, त्रिकोणी घडी घातलेल्या, आणि रुमालात गुंडाळलेली संत्र्याची सालं. वाळून कडक, तपकिरी झालेली. मी आता पंचवीस वर्षांची आहे, घाटात गोळी घेते. तरी सांचीला जाताना तिनं ती घेतली होती. मी येणार नाही हे माहीत असून.

पहिल्या कप्प्यातल्या उरलेल्या पिशव्या छिंदवाड्यातल्या, तसंच ऑपरेशन झालेल्या तिच्या एका मैत्रिणीला द्यायच्या होत्या. मी एकटीच बसनं निघाले. खिडकीच्या जागेवर झोला ठेवला आणि शेजारी बसले. गोळी घेतली नव्हती. घाटाच्या अलीकडे बस भरली. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई माझ्याजवळ येऊन थांबली. झोल्याकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "कोणी हाय का तुमच्यासंग?"

"हाव," मी म्हणाले, "माही आत्या हाय."

बाई दुसरीकडे जागा बघायला वळली, तेव्हा मी तिला थांबवलं. झोला मांडीवर घेतला, खिडकीकडे सरकले आणि तिला जागा दिली.