आपाकडून परत आलेली ताटली

पोरी, हे वाचायला घेतलंस तर आधी मोबाइलमधून डोकं बाहेर काढ आणि अशी जवळ बस, लहानपणी माझ्या मांडीला चिकटून बसायचीस तशी. थोडं रागवायचं आहे तुला. नाताळात वाटायला वेळ नाही म्हणून यंदा तू केकचा फोटोच सगळ्यांना धाडून दिलास. फोटो काय चावून खायचा गं? आणि वर मलाच विचारतेस, मावशी, रीत पाठव, आणि तू दोन दोन केक काऊन करतेस, एक मोहफुलांचा अन् एक खजुराचा, एकात भागत नाही का?

नाही भागत. का ते सांगते. रीतही त्यातच येईल.

आमच्या घरी भट्टी कधी नव्हती. सासूबाईंनी शिकवलं ते असं. जर्मनचा मोठा गंज, तुमच्याकडचं पातेलं, चुलीवर ठेवायचा, तळाला चार बोटं नदीची चाळलेली रेती, रेती तापली की तिच्यावर केकचा डबा, वर झाकण, झाकणावर निखारे. मनुका इथे मिळायच्या नाहीत, मग उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली मोहफुलं. फुलं चोळून आतले केसर काढायचे, रात्रभर गुळाच्या पाण्यात भिजवायची, सकाळी त्यांना चांगली उकळी आणायची, मग बारीक कापून पिठात. मोह म्हटलं की लोकांना दारूच आठवते, पण ताजं भिजवलेलं फूल म्हणजे नुसता गोडवा असतो.

मी नवी नवरी म्हणून या गावात आले तेव्हा आमचं एकच ख्रिस्ती घर होतं. पहिल्या नाताळाला मी गल्लीत सगळीकडे केक दिला. लोकांनी हसून घेतला. दुसऱ्या दिवशी तीन घरांच्या मागे कोंबड्या केक खाताना दिसल्या. मी घरात येऊन भांडी घासत बसले. चौथं घर गादीवाल्याचं. त्याची बायको, तिला मी तेव्हापासून आपा म्हणते, ती मी केक द्यायला गेले तेव्हा उंबऱ्यावर बसली होती. तिने माझ्यादेखत तुकडा मोडला, आधी विचारलं यात काय काय आहे. मी सगळं सांगितलं, मोहफुलांचंही. फूल तं फूलच हाय, म्हणाली, आणि खाल्लं. मग म्हणाली, "रेतीत भाजला म्हंता, पण दाताखाली तं रेती नाई आली." त्या एका वाक्याने मला या गावात आपलं कोणी आहे असं वाटलं.

तेव्हापासून ताटल्या फिरतात. माझी केकची जाते ती शिरखुर्म्याची वाटी घेऊन येते, तिची रिकामी माझ्याकडे कधी पडून राहत नाही. आमच्या गल्लीत ताटली रिकामी परत करायची पद्धतच नाही. आणि पाहता पाहता बाकीची घरंही खाऊ लागली.

आता त्या वर्षाचं ऐक. फार जुनं नाही, तुझं लग्न झालं त्याच्या पुढचा नाताळ. मी बरणीत मोहफुलं भिजत घातली आणि आरमोरीहून फोन आला, तुझी बहीण बाळंत व्हायला आली. मी तशीच बस धरली. एक रात्र म्हणून गेले ते पाच दिवस राहिले. इकडे बरणी चुलीच्या कडेलाच, आणि आमचे म्हातारे, तुझे मावसाजी, रोज तिथेच आंघोळीचं पाणी तापवत होते. मी नाताळाच्या आदल्या सकाळी आले ती सर्दीने नाक बंद करून. केक राहिले म्हणून जीव वर-खाली. फुलं गाळली, कापली आणि पिठात टाकली. उकळायची विसरले. पोरी, इतक्या वर्षांत कधी विसरले नव्हते.

नाताळाच्या सकाळी उपासना झाली, मी ताटल्या भरून घरोघर दिल्या. दुपारी बरणी धुवायला घेतली. त्याच वेळी शेजारची गोंडाघरची काकू जोहार करून आत आली. तिने बरणीत पाहिलं, वास घेतला आणि पोट धरून हसत खालीच बसली.

"बाई, हा तं सडवा झाला. धार काढाचीच बाकी हाय. तवाच म्हणलं, आमचा म्हातारा दुसरा तुकडा काऊन मागून राह्यला."

सडवा म्हणजे दारूसाठी आंबवलेला मोह. मी पाहिलं तर कडेला पांढरा फेस. काकू हसतच होती, त्यांच्या घरी मोह देवालाही चढतो, तिला त्यात काही वावगं नव्हतं. मला मात्र आपा आठवली. आपा खोकल्याचं औषधसुद्धा त्यात काय आहे ते विचारल्याशिवाय घेत नाही. माझ्या हातचं मात्र ती आता विचारत नव्हती. पहिल्या दिवशी विचारलं, तेवढंच. पुढे माझ्या शब्दावर खात आली.

आमचे म्हातारे म्हणाले, "आगीत सारं उडून गेलं असल. कोणाले समजते? गप राह्य."

खरंच, कोणाला समजणार होतं? मी पाट घेऊन बसले. पण पुढच्या वर्षी मी ताटली घेऊन तिच्या दारात उभी राहीन तेव्हा काय तोंडाने, हे काही मला सुचेना. प्रभूच्या नावाने देतो म्हणायचं आणि जे दिलं त्यात काय होतं ते लपवायचं, तर मग ते देणं कसलं? चप्पल घातली आणि निघाले. हापशापर्यंत जाऊन एकदा परतसुद्धा फिरले, खोटं कशाला सांगू. मग पुन्हा गेले.

आपा ओसरीवर उशीला टाके घालत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बरणी, चूल, उकळायचं विसरले ते, फेस. तिची सुई थांबली.

"तुम्ही खाल्ला का?" मी विचारलं.

एक कोपरा खाल्ला होता. बाकी नातवंडांसाठी झाकून ठेवला होता, ती बापाबरोबर चंद्रपूरला गेली होती, संध्याकाळी येणार होती. एवढं सांगून ती उठून आत गेली. आतून चूळ भरल्याचा आवाज आला. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी. मला वाटलं, संपलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात माझी ताटली होती आणि ताटलीत माझाच केक. इतक्या वर्षांत माझ्याकडे ताटली भरूनच आली होती गं, पण माझीच वस्तू घेऊन कधी आली नव्हती. मी हात पुढे केला.

तिने ताटली माझ्या हातात दिली आणि बगलेतून एक डबा काढून तिच्यावर ठेवला. खजूर होते, जावयाने आणलेले, रमजानसाठी जपून ठेवलेले.

"न समजता झालं, त्याचा गुना ना तुमाले ना मले," ती म्हणाली. "तुमी सांगाले आल्या नसत्या तं मंग झाला असता. आता चाला, रेती तापवा. पोरं घरी याच्या आत दुसरा केक झाला पाह्यजे."

मला रडू फुटलं. ती म्हणाली, रडू नका, आधीच नाक बंद हाय तुमचं, आजचा दिवस मीठसुद्धा मीच टाकतो.

आणि खरंच तिनेच टाकलं. माझ्या चुलीपुढे पाट घेऊन बसली, खजुरातल्या बिया काढल्या, प्रत्येक डबा उघडून वास घेतला, मैद्याचासुद्धा. आमचे म्हातारे दारातून डोकावले तर त्यांना म्हणाली, "भाऊ, तुमी दूरच राह्या, त्या बरणीचे राखणदार तुमीच होते." म्हातारे गुपचूप लाकडं आणायला गेले. मी इतकी हसले की छातीवरचा दगड कोणी उचलून नेल्यासारखं वाटलं. दिवस मावळायच्या आत केक झाला. जरा एका अंगाने करपला, आपा घाईने निखारे एकाच बाजूला ओतत होती. नातवंडांनी करपलेल्या बाजूसकट खाल्ला.

परत आलेला केक काकूच्या म्हाताऱ्याला दिला. त्याने दोन्ही हातांनी घेतला आणि तेव्हापासून दर नाताळाला विचारतो, बाई, तसा पुन्हा कधी करणार? नाही करणार म्हटलं.

म्हणून दोन केक, समजलं? मोहफुलं मी आता भिजवते तेव्हा भिंतीवर कोळशाने रेघ मारते आणि उकळल्यावर पुसते. पण आपासाठी खजुराचाच, आणि तो मी एकटी करत नाही. ती माझ्या चुलीशी येऊन बसते. आता तिचे गुडघे दुखतात, येताना हापशापाशी थांबते, पण येते.

रीत कागदावर लिहून काय होणार बाई, रेती किती तापली ते झाकणाशी हात नेल्यावरच कळतं. बारीक रेती काढून ठेवली आहे, चाळायची राहिली आहे, माझे डोळे आता त्यातले खडे टिपत नाहीत. आपाही विचारत होती, तुमची पोरगी कवा येते म्हणून. पोंभुर्ण्याच्या बसने ये, दुपारी पोचशील. पुढच्या नाताळाची वाट पाहू नकोस, या आठवड्यातच ये. आणि हो, रिकाम्या हाताने आलीस तरी चालेल, जाताना ताटली माझी घेऊन जा.