डब्लिनची भाषा

बेळगावच्या कचेरीत बाबांनी तीस वर्षं कारकुनी केली आणि कारकून म्हणूनच ते निवृत्त झाले. बढतीसाठी कानडीची परीक्षा द्यावी लागायची. बाबांनी ती दिली नाही. "जबरदस्तीची भाषा मी शिकणार नाही," एवढं एकच कारण. त्या ताठ्याचा आम्हा मुलांना अभिमान होता. आई मात्र तो विषय निघाला की स्वयंपाकघरात निघून जायची.

म्हणून त्यांचं ते पत्र वाचून मी चाटच पडलो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी ओहायोतल्या डब्लिनमध्ये इंजिनिअर होतो, म्हणजे महिन्यापूर्वीपर्यंत होतो. कंपनीने बऱ्याच जणांना घरी पाठवलं, त्यात मीही. बेळगावला कळवलं नव्हतं. बाबांच्या पत्रात इंग्रजी पेपरातलं एक कात्रण होतं: डब्लिनमध्ये काही सरकारी नोकऱ्यांसाठी आयरिश भाषा यावी लागते. खाली त्यांच्या रेखीव अक्षरात, "खाजगी नोकरीचा भरवसा नाही. सरकारी बघ. भाषा शिकून घे. माझ्यासारखा हट्ट करू नकोस."

बायको हसून हसून बेजार झाली. "अहो, ते आयर्लंडमधलं डब्लिन! फोन करून क्लिअर करून टाका ना."

खरंच, दोन वाक्यांचं काम होतं. पण चूक दाखवली असती, तर पुढचा प्रश्न माझ्या नोकरीचा आला असता. मी लिहिलं, "कंपनी सोडली. सरकारीच बघतोय. आयरिशचा क्लास लावला आहे." पत्र पेटीत टाकल्यावर सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

मग दर पत्रात विचारणा. लिपी कशी आहे? व्याकरण अवघड आहे का? मी ठोकून द्यायचो, "सुरुवातीला जड गेलं, आता जमतंय." दिवसभर अर्ज टाइप करायचे, नकार आले की ड्रॉवरमध्ये कोंबायचे आणि रविवारी बाबांना अभ्यासाची प्रगती कळवायची. अख्खा हिवाळा असाच गेला.

मार्चमध्ये तार आली. बाबा गेले. माझं ग्रीन कार्ड अडकलेलं; निघालो असतो तर परत येता आलं नसतं. मी गेलो नाही.

त्या उन्हाळ्यात बाबांचे कचेरीतले एक स्नेही, धारवाडकडचे कानडी गृहस्थ, इकडे नेपरव्हिलला लेकाकडे आले. आम्ही सहा तास ड्राइव्ह करून भेटायला गेलो. काकांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

"शेवटचे सहा महिने रोज संध्याकाळी माझ्याकडं येत होते बघ. कानडी शिकायला. पाटी घेऊन! मी म्हटलं, आता या वयात कशाला? तर म्हणाले, पोरगं परक्या मुलखात शिकतंय, मग मला काय धाड भरलीय?"

मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

"आता जरा बोलून दाखव की ते आयरिश. त्यांना फार ऐकायचं होतं."

बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. मी घसा साफ केला आणि तोंडाला येतील ते आवाज एकापुढे एक काढले. काका डोळे मिटून ऐकत होते.

"कानडीपेक्षा अवघड आहे," ते म्हणाले.