ज्येष्ठातले अनारसे

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी सरांनी प्रोसेस आणि प्रोसीजर यांतला फरक विचारला होता. आपण पायरीपायरीने करतो ती प्रोसीजर, आत घडत जातं ती प्रोसेस, असं मी लिहिलं. उत्तर बरोबर आलं. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली, त्यामुळे बाबांना फार कौतुक. मला तो फरक कळला होता का, नक्की सांगता येत नाही.

यंदा ताईच्या लग्नानंतरचा पहिला अधिक महिना. जावयाला अनारसे द्यायचेच, असं आईने धरलेलं. बरुआसागरला ताईच्या हिंदी भाषिक सासरी ही रीत कुणाला ठाऊक नाही, म्हणून तर जास्तच. पण आई टायफॉइडने अंथरुणाला खिळलेली. ती सांगत गेली, मी करत गेले. तांदूळ भिजवले, रोज पाणी बदललं, मग कापडावर सावलीत तासभर पसरले. पीठ गुळात मिळून येईना, तेव्हा दूध शिंपडलं.

तुपात सोडलेला पहिलाच अनारसा हसला, म्हणजे फुटून कढईभर पसरला. पुढचेही तसेच.

"हसू दे गं," बाबा म्हणाले. "घरात कुणीतरी हसतंय."

आईने डोळे मिटून घेतले. "उद्या जावई येतायत."

ताईला फोन केला. "साइन्सवाली ना तू?" ती चिडली. "मी इथे सगळ्यांना सांगून बसलेय! आता काय, बत्तासे देणार?"

"अजून आठवडा आहे अधिक संपायला. जीजाजींना उद्या नको पाठवू. मीच घेऊन येते."

मग आई हळूच म्हणाली, "मागच्या वेळी आत्याच्या यजमानांसाठी केले, तेव्हा अधिक श्रावण होता. भिंतीसुद्धा ओल्या होत्या."

यंदा अधिक ज्येष्ठात आला. प्रेमनगरातल्या आमच्या खिडकीतून लूच्या गरम झळा आत येत होत्या. तांदूळ केव्हाच कडकडीत झाले असणार, म्हणून तर दूध शिंपडावं लागलं. आम्ही मात्र श्रावणातला तास धरून बसलो होतो.

पुन्हा तांदूळ भिजवले. या वेळी खिडकी लावून घामाघूम पसरलेल्या तांदळापाशीच बसले, मूठ दाबून पाहत. हाताला ओल लागत होती तोवरच उचलले. पीठ गुळात मुरू दिलं.

अनारशांना जाळी पडली. आई "झाले बाई" म्हणाली आणि कूस बदलून झोपली. मलाही आडवं व्हायचं होतं, पण डबा गरम असतानाच बरुआसागरची बस गाठायची होती.