राजाबाईनं पोरीला मैदानातून बाहेर काढलं

राजाबाईचं माहेर आणि सासर दोन्ही मेंढरांमागं फिरणारं. नवरा मल्हारी अजूनही अजिंठ्याच्या बाजूला कळप घेऊन हिंडतो. राजाबाई मात्र पोरीच्या शाळेपायी शहरात, उस्मानपुऱ्यात खोली करून राहिली आणि मुलींच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटू लागली. पोरगी प्रांजली नववीत. कबड्डीत ती चढाईला निघाली की समोरच्या मुली आपसूक मागं सरकायच्या. राजाबाईला खेळातलं फारसं कळत नसे, पण पोर ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत आत घुसली की हिचाच श्वास अडकायचा.

त्या दिवशी शाळाशाळांच्या सामन्यात पकडीला धावलेल्या एका मुलीचा गुडघा प्रांजलीच्या कानशिलावर बसला. ती कोसळली, क्षणभर तशीच पडून राहिली, मग उठून बसली. रक्त नाही, टेंगूळ नाही. कबड्डी शिकवणाऱ्या इंद्रजीत सरांनी तोंडावर पाणी मारलं, बोटं दाखवून ‘किती?’ विचारलं. तिनं बरोबर सांगितलं. टाळ्या पडल्या आणि सरांनी तिला पुन्हा आत पाठवलं.

पुढच्याच चढाईला प्रांजली मध्यरेषा ओलांडून गेली आणि नुसतीच उभी राहिली. तोंडातून शब्द नाही. पंचांनी शिट्टी मारली, तशी ती गोंधळून भलत्याच बाजूला चालू लागली. बघणारे हसले. त्यांच्यातच बसलेली राजाबाई उठून तडक मैदानात शिरली.

“मावशी, अहो थोडाच वेळ राहिलाय!” सर ओरडले. “ती गेली तर आपण हरतो!”

“हरू द्या. माझी पोर ठिकाणावर नाय.”

तिनं प्रांजलीचं मनगट धरलं ते रिक्षात बसेपर्यंत सोडलं नाही.

“माय, आपण जिंकलो का?” रिक्षात प्रांजलीनं विचारलं.

“नाय बाई. सामना चालूच हाय अजून.”

सिग्नलला रिक्षा थांबली. “माय, जिंकलो का आपण?”

“दादा, दवाखान्यात बिगीबिगी घ्या,” राजाबाई रिक्षावाल्याला म्हणाली. दवाखान्याच्या फाटकातच पोर भडाभडा ओकली.

डोक्याचा स्कॅन झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आत रक्तस्राव नाही.” राजाबाईनं हात जोडले.

“मंग उद्यापून खेळंल ती?”

“अजिबात नाही. मार बसला की मेंदू आतल्या आत हादरतो. ते स्कॅनमध्ये दिसत नाही. एकदोन दिवस आराम, मोबाईल कमी, मग हळूहळू शाळा. खेळ मात्र मी सांगेपर्यंत बंद. हे बरं व्हायच्या आत पुन्हा धक्का बसला तर जिवावर बेतू शकतं. आणि ओकाऱ्या वाढल्या, बोलणं अडखळलं, झटका आला, झोपेतून नीट जागी होईना, तर तशीच उचलून आणा.”

ते ऐकल्यापासून राजाबाईचं चित्त थाऱ्यावर राहीना. मेसमधून मधेच घरी पळत यायची, झोपलेल्या पोरीला हलवून नाव विचारायची.

“माय, झोपू दे ना!” प्रांजली चिडायची. तेवढं चिडलेलं ऐकून राजाबाई परत पोळपाटाशी जायची.

हळूहळू पोर शाळेत जाऊ लागली. पण उजेड सोसेना, साध्या गणिताला रडू फुटायचं. तेवढ्यात इंद्रजीत सर घरी आले. जिल्ह्याच्या संघाची निवड रविवारी होती.

“मी ठीक आहे सर,” प्रांजली घाईघाईनं म्हणाली. “काहीच दुखत नाय.”

राजाबाईनं तिथूनच नवऱ्याला फोन लावला. मल्हारी म्हणाला, “चालती-बोलती हाय ना? मंग जाऊ दे की. पोरीचा चान्स घालवू नको.”

राजाबाई पेचात पडली. आपल्या भित्रेपणापायी पोरीचं नुकसान झालं तर? आणि नाही अडवलं तर? सरांशी बोलताना प्रांजली दाराकडं पाठ करून बसली होती, डोळे अर्धे मिटून.

“माझ्याकडं बघ,” राजाबाई म्हणाली. “उजेडाकडं तोंड कर अन् सांग.”

प्रांजली वळली आणि तिचे डोळे भरून आले. “लई ठणकतंय माय. पण सांगितलं तर सर नेणार नायत.”

सरांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला. “मी त्या दिवशी बोटं मोजायला लावली आणि आत ढकललं,” ते म्हणाले. “मला वाटलं, तेवढं पुरे.” उठताना एवढंच म्हणाले, “रविवारी ती येणार नाही.”

निवड तिच्याविना झाली. प्रांजली दोन दिवस आईशी बोलली नाही. दुखणं पार थांबल्यावर डॉक्टरीणबाईंनी पायरी-पायरीनं परवानगी दिली: आधी चालणं, मग धावणं, मग एकटीनंच चढाईचा सराव. एकदा धावताना डोकं पुन्हा ठणकलं, तेव्हा तिनं आपणहून येऊन सांगितलं आणि सरांनी तिला लगेच बसवलं.

दिवाळीनंतर ती पहिल्यांदा पूर्ण सामना खेळली. तिघींनी तिला पकडून खाली पाडलं, तशी राजाबाई ताडकन उभी राहिली. प्रांजली धूळ झटकत उठली, बाद होऊन बाहेर आली, घटाघटा पाणी प्याली.

“माय, खाली बस ना,” ती म्हणाली. “मागच्यांना काय दिसंना.”

राजाबाई बसली, पण नजर पोरीच्या डोळ्यांवरून हलली नाही.