युरोपातल्या तीन बोटी आणि हिचे मामा

हिच्या मामांचा या जगातल्या कुठल्याही गोष्टीवर पहिल्या भेटीत विश्वास बसलेला नाही, आणि त्यात मीही आलो. लग्न ठरल्यावर मी त्यांच्या ट्रॉय गावातल्या घरी गेलो, तेव्हा माझ्याशी बोलण्याआधी त्यांनी बाहेर जाऊन, गुडघ्यावर बसून, माझ्या गाडीचे टायर पाहिले. "पुढचा डावा झिजलाय," आत येऊन ते हिला म्हणाले, "मुलगा वळणं जोरात घेतो." त्यांचा तरी काय दोष? उभी हयात त्यांनी मोटारींच्या कारखान्यात ब्रेक तपासण्यात घालवली. समोरची वस्तू बिघडलेलीच आहे असं धरून चालायचं, आणि ती चांगली निघालीच तर आपलंच काहीतरी चुकलं असणार म्हणून पुन्हा तपासायची, हा त्यांचा धर्म. रिटायर झाल्यावर ब्रेक सुटले, धर्म राहिला. तो त्यांनी युरोपातल्या नद्यांवर नेला.

हौस मूळची मामींची. "समुद्र नको बाई, दोन्ही काठ दिसले पाहिजेत," असं त्यांचं म्हणणं. म्हणून मग तीन उन्हाळ्यांत तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बोटी झाल्या. आमच्याकडच्या पॉटलकमध्ये, म्हणजे जो तो एकेक पदार्थ घेऊन येतो त्या इथल्या मराठी मंडळींच्या जेवणात, क्रूझ करून आलेली डॉक्टर मंडळी राजवाड्यांचे फोटो दाखवतात. मामा दोष दाखवतात. पहिल्या कंपनीने सगळं तिकिटातच धरलं होतं. "सगळं धरून म्हणणाऱ्याला आधी विचारावं, काय सोडून?" त्या बोटीचा कप्तान पहिल्या संध्याकाळी बिल्ले लावून, हातात ग्लास घेऊन प्रत्येक टेबलाशी येऊन गेला. बाकीचे भारावले. मामांनी खिडकीतून काठ सरकताना पाहिला आणि विचारलं, "तुम्ही इथे, तर चालवतंय कोण?" दुसऱ्या कंपनीच्या वेळी नदीचं पाणीच उतरलं, आणि रंगीत ब्रोशरमधल्या जलप्रवासाचे दोन दिवस सर्वांनी बसमध्ये काढले. माणसं चिडली होती. मामांइतका आनंदी प्रवासी त्या बसमध्ये दुसरा नव्हता. त्यांचा संशय खरा ठरला होता.

तिसऱ्या खेपेला धक्क्यावर जागा कमी, म्हणून बोटी एकमेकींना खेटून उभ्या होत्या. सकाळी मामांनी पडदा सरकवला, तर हातभर अंतरावर दुसऱ्या कंपनीच्या बोटीतला एक उघडाबंब गृहस्थ दात घासत होता. कुणीही पडदा ओढला असता. मामांनी आपलं मेन्यूकार्ड काचेला लावलं आणि 'तुमच्याकडे काय?' अशी खूण केली. त्यानेही तोंडातल्या ब्रशसकट आपलं कार्ड आणून लावलं. "त्यांच्याकडे चीज चार प्रकारचं," मामा मला सांगत होते, "पण टॉवेल आपला जाड."

सगळ्यांत गाजली ती पहिल्या सफरीतली कार्डाची चाचणी. गावात उतरताना प्रत्येकाने काउंटरवरून आपलं कार्ड घ्यायचं, परतल्यावर द्यायचं. सगळी कार्डं आल्याशिवाय बोट सुटत नाही, असं सांगतात. सांगतात म्हणजे खरं असेलच असं नाही. मामा कार्ड खिशात ठेवून धक्क्यासमोरच्या झाडामागे जाऊन उभे राहिले. बोटीवरून त्यांच्या आडनावाचे तुकडे भोंग्यातून ऐकू येऊ लागले, दोन खलाशी गावाकडे धावले, मामी डेकवर रडवेल्या झाल्या. तेव्हा मामा झाडामागून पळत आले आणि घड्याळ बघून म्हणाले, "मी नसल्याचा अकरा मिनिटांत पत्ता लागला. वाईट नाही." पुढचं बंदर येईपर्यंत मामी त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

त्या वेळी मामींचे गुडघे दुखत, म्हणून गाव बघायला त्या हळू चालणाऱ्यांच्या गटात जात आणि मामा भराभर चालणाऱ्यांच्या. हळू गटाला लहान किल्ला दाखवून वाटेला लावतात, असा मामांचा वहीम. रोज जेवताना उलटतपासणी होई. "घंटाघर आतून दाखवलं का?"

"आम्हाला केक दाखवला. आणि खायला पण दिला."

दुसऱ्या सफरीनंतर मामींनी दोन्ही गुडघे बदलून घेतले. तिसऱ्या सफरीत दोघं भरभर चालणार असं आम्ही धरून चाललो होतो, पण मामांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "हळू गटाची माहिती आजवर नुसती ऐकीव आहे. या वेळी मी स्वतः जाणार." पॉटलकमध्ये त्यांनी त्या गटावर अर्धा तास अहवाल दिला. भराभर चालणाऱ्यांना नुसतं पळवतात, बघायला काही मिळत नाही, हा निष्कर्ष. मलाही पटला. नंतर स्वयंपाकघरात वडे तळता तळता मामी हळूच म्हणाल्या, "अरे, हिवाळ्यापासून यांचा उजवा पाय ओढतो. डॉक्टरवर विश्वास नाही, तपासून घेत नाहीत. मी आपली नवेकोरे गुडघे घेऊन मुंगीच्या पावलांनी चालत होते. विचारलं कुणी, की मीच सांगायचे, मला धाप लागते."

आता मामींना चौथी सफर करायची आहे, आणि मामा बुकिंग पुढे ढकलत आहेत. गेल्या रविवारी त्यांनी मला बोलावून ब्रोशर पुढे केलं. त्यात त्यांनी एकही चूक काढली नव्हती, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"जावईबापू, एखादा फार हळू चालत असेल, तर बोट त्याला सोडून नाही ना जात?"

"मामा, ते तुम्हीच टेस्ट केलंय. अकरा मिनिटं."

"ते खरं रे," ते म्हणाले, "पण तेव्हा मला पळत येता येत होतं."

आतून मामींचा आवाज आला, "दोघांची कार्डं माझ्या पर्समध्ये राहतील. तुम्ही आल्याशिवाय मी माझंही देणार नाही. मग बघू कशी सुटते बोट!"

"आणि तू विसरलीस तर?" मामांनी विचारलं. पण ब्रोशर त्यांनी माझ्या हातातून परत घेतलं आणि एका पानाचा कोपरा दुमडला.

निघताना ते काठी घेऊन मला सोडायला बाहेर आले. सवयीने टायरकडे पाहिलं, क्षणभर थांबले, आणि न वाकताच म्हणाले, "ठीक दिसतायत."

पुढचा डावा चांगलाच झिजला होता.