खुर्चीला तोफगोळा, मला व्हॉलीबॉल

मंगळवार, १२ मार्च. सकाळी साडेअकरा. लष्करी दवाखाना, वैद्यकीय मंडळाची खोली. हजर: अध्यक्ष डॉक्टर, त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक डॉक्टर, फायली पुढे सरकवणारा कारकून, आणि मी. बाहेर बाकावर माझी बायको, मांडीवर डब्याची पिशवी. गैरहजर: त्या दिवशी डोंगरावर माझ्याबरोबर असलेले दोघे.

खोलीत खुर्च्या चार. चौघे बसलेले. मी उभा. माझा डावा गुडघा वाकत नाही, हे फाईलच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं.

अध्यक्षांनी जुना जखमेचा अहवाल काढला. इंग्रजीतला. मराठी करत मोठ्यानं वाचला. "जवान व्हॉलीबॉल खेळताना पडला. डावा गुडघा व डावा कान यांना इजा." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"व्हॉलीबॉल खेळताना पडलास आणि म्हणतोस, शत्रूनं जखमी केलं, युद्धजखमेचं पेन्शन द्या?"

"सर, ते खोटं लिहिलंय. तोफगोळा पडला होता."

"कुणी लिहिलं खोटं?"

त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. "अक्षर सुरेख आहे. कुणाचं?"

"माझंच, सर."

सगळे हसले. कारकूनसुद्धा. मग अध्यक्ष उठून माझ्या पाठीमागे आले, डाव्या बाजूला. कान तपासायचा होता. ते काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही, पण समोरचे तिघे पुन्हा हसले.

ते काय बोलले, मला आजही माहीत नाही. अपमान झाला एवढं दिसलं. शब्द माझ्यापर्यंत पोचलेच नाहीत.

बाहेर आलो. बायकोनं विचारलं, "काय म्हनले?"

"अक्षर चांगलं आहे म्हणाले."

"आन पायाचं?"

मी पिशवी उचलली.

एसटीत ती नेहमीसारखी माझ्या उजव्या बाजूला बसली. डाव्या बाजूचं माझं जग वीस वर्षांपूर्वीच बंद झालं. लग्नाच्या पंगतीत मी डावा कान भिंतीकडे करून शेवटच्या जागेवर बसतो. उजवीकडे एकच माणूस उरतो. तोही दोन-तीनदा तेच सांगून कंटाळतो आणि पलीकडच्याशी बोलू लागतो. मी जेवतो आणि उठतो. लोक म्हणतात, फौजी लई मितभाषी हाय.

मी यादी करणारा माणूस आहे. बाजाराला जातानाही खिशात यादी असते. ही सवय वडिलांनी लावली. गावच्या सोसायटीच्या ऑफिसात त्यांना कधी खुर्ची मिळाली नाही. आमच्या वस्तीतलं माणूस तिथं दाराशी उकिडवं बसायचं. ते मला म्हणायचे, "लिहाय शिक. लिहिणाऱ्याला कुनी खाली बसवत न्हाई."

फौजेत माझं अक्षर बघून मला कंपनीच्या ऑफिसात घेतलं. हजेरी, सामान, रजा, आजारी, सगळ्यांची रजिस्टरं माझ्याकडे. टेबल मिळालं. खुर्ची मिळाली. वडिलांना पत्रात तसं कळवलंही होतं.

आमची चौकी सीमेवर होती. खाली तळ, वर डोंगरावर चौकी. मधल्या वाटेचा एक तुकडा पलीकडच्यांना सरळ दिसायचा. तिथं पाटी होती: दिवसा जाऊ नये. पाटीचं अक्षर माझं.

एके दिवशी मोठे साहेब चौकी बघायला येणार होते. त्यांना बसायला वर काही नव्हतं. आमच्या कंपनीच्या साहेबांनी तळावरच्या तीन वेताच्या खुर्च्या काढल्या आणि म्हणाले, "दुपारच्या आत वर पोचल्या पाहिजेत." माणसं कमी होती. म्हणून कर्जतचा एक नाईक, काष्टीचा एक शिपाई आणि मी. एकेक खुर्ची डोक्यावर.

अशी मला दुसऱ्यांदा खुर्ची मिळाली.

गोळा वाटेच्या खालच्या अंगाला पडला. शिटीसारखा आवाज आला. डाव्या कानानं ऐकलेला तो शेवटचा. शुद्ध आली तेव्हा गुडघा उलट्या बाजूला वळलेला होता. कर्जतवाल्याची दोन बोटं गेली होती. काष्टीवाला दगडावर पाठीवर आपटला होता. आजूबाजूला वेताच्या काड्या.

दोन दिवसांनी कंपनीचे साहेब दवाखान्याच्या तंबूत आले. हातात कोरे फॉर्म, खिशात पेन. माझा उजवा हात शाबूत होता.

"लिही, मी सांगतो."

मी म्हणालो, "सर, गोळा पडला होता."

"खरं लिहिलंस तर चौकशी लागेल. दिवसा त्या वाटेनं का गेलात, हा पहिला प्रश्न. पाटी तुझ्याच अक्षरात आहे ना?"

मी लिहिलं. मी: व्हॉलीबॉल खेळताना. कर्जतवाला: लाकूड फोडताना. काष्टीवाला: घसरून पडला. इथं साहेब थांबले, विचार केला आणि म्हणाले, "पुढे लिही, तोंडाला दारूचा वास होता. म्हणजे कुणी जास्त विचारणार नाही."

तो माणूस सुपारीसुद्धा खात नव्हता. मला माहीत होतं. मी लिहिलं.

चौथा कागद सामानाचा होता. मोडलेल्या वस्तूचं कारण दिलं नाही तर ती साहेबांच्या नावावर राहते. त्यांनी सांगितलं, मी उतरवलं. वेताच्या खुर्च्या, तीन. चौकीवर शत्रूच्या तोफमाऱ्यात नष्ट.

हा चौथा कागद मी विसरलो होतो. मंडळासमोरून परत आलो त्या दुपारी ट्रंकेतल्या माझ्या जुन्या खिसेवह्या काढल्या. रोज काय लिहिलं त्याची एक ओळ, ही माझी तेव्हाचीही सवय. अहवाल लिहिले त्या तारखेखाली होतं: जखम अहवाल ३, खुर्च्या ३. शेजारी जावक क्रमांक.

माहिती अधिकाराचा अर्ज केला. चार महिन्यांनी लिफाफा आला. आत खुर्च्यांच्या कागदाची नक्कल. गोळा पडल्याची तीच तारीख. शत्रूचा तोफमारा. खाली साहेबांची सही, वर माझं सुरेख अक्षर.

मी तो कागद हातात घेऊन ओट्यावर बसून राहिलो. एकाच दिवशी, एकाच वाटेवर, एकच गोळा. खुर्चीला शत्रूनं मारलं. माणसं खेळताना पडली, लाकूड फोडताना कापली, दारू पिऊन घसरली.

आता त्या वेळच्या अधिकाऱ्याचं पत्र हवं होतं. साहेबांचा नंबर मिळवला. फोन उजव्या कानाला लावला, समोर वही.

"अरे! आवाज ओळखला मी," साहेब म्हणाले. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जुनं कशाला उकरतोस? असं कर. लिही, मी सांगतो. 'कामावर जात असताना घसरून पडला.' मी सही करतो. तुझं काम होऊन जाईल."

"आणि बाकीचे दोघे, सर?"

"त्यांचं त्यांना बघू दे की."

मी वहीकडे बघितलं. 'कामावर जात' एवढं लिहून झालं होतं. मी ठरवलं नव्हतं. हातानंच लिहिलं होतं. वीस वर्षं झाली तरी हात त्यांचाच होता.

मी पेनला टोपण लावलं.

"सर, ह्या वेळी मी सांगतो. तुम्ही लिहा."

साहेब म्हणाले, "तुम्हा लोकांना उपकाराची जाण नसते." फोन बंद.

हे मात्र मला नीट ऐकू आलं. एकेक शब्द.

पुढच्या आठवड्यात कर्जतला गेलो. नाईक गोठ्यात होता. मला बघून उठला नाही. तीन बोटांच्या हातानं वैरण टाकत राहिला.

"लाकूड फोडताना!" तो म्हणाला. "त्या डोंगरावर एक झाड तरी हुतं का रं?"

"नव्हतं."

"मग कुऱ्हाड कुठं मारली मी? तुझ्या टकुऱ्यात?"

मी हसलो नाही. तोही नाही. मी खुर्च्यांचा कागद त्याच्यापुढं धरला. त्यानं दोनदा वाचला. मग म्हणाला, "तू लिव्हलं व्हतंस. आता तूच पूस."

"पुसता येत नाही. खोटं लिहिलं असं लिहून देतो."

"तुझ्यावरच उलटंल."

"उलटू दे."

त्यानं बादली पालथी घातली. "बस," म्हणाला. मग काष्टीवाल्याचं सांगितलं. "त्यो गेला. तीन सालं झाली. शेवटपर्यंत कंबर धरूनच व्हता. सरकारी कागदात दारू लिव्हलीय म्हनून गाव हसायचं त्याला. त्याच्या बायकोला बी तेच खरं वाटतंय."

नगरला कोर्टाबाहेर टायपिस्टकडं प्रतिज्ञापत्र करायला बसलो. अर्धं टाइप करून तो थांबला. "काका, ह्यात तुम्हीच गुन्हा कबूल करताय. खोटी नोंद मी केली, असं."

"मी सांगतो. तू टाइप कर."

तिघांची नावं, तिघांच्या जखमा, तीन खुर्च्या, आणि कुणी सांगितलं त्याचं पूर्ण नाव. कर्जतवाल्यानं त्याचं वेगळं करून दिलं. अंगठा नाही, सही.

मग काष्टीच्या आठवडे बाजारात गेलो. काष्टीवाल्याची बायको तिथं लसूण विकते. ओळखायला वेळ लागला नाही, कर्जतवाल्यानं जागा सांगितली होती. समोर उभा राहिलो. प्रतिज्ञापत्र पिशवीत.

"काय देऊ, भाऊ?"

मी म्हणालो, "अर्धा किलो."

लसूण घेतला आणि परत आलो.

हे लिहायचं टाळणार होतो. पण माझ्या हातानं यापुढं काही झाकायचं नाही.

माझा एकट्याचा अर्ज आज तयार आहे. पाठवला तर माझं कदाचित होईल. मी तो पाठवणार नाही. तिघांचा एकत्र जाईल, नाहीतर जाणारच नाही. त्यासाठी तिची सही लागते, आणि सहीच्या आधी तिला ऐकवावं लागतं. तिच्या लसणाच्या पाटीसमोर जमिनीवर बसायचं. गुडघा वाकत नाही, तर पाय लांब करून बसायचं. बाजारातल्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाचायचं: तो प्यालेला नव्हता, मी खोटं लिहिलं.

वहीतली आजची यादी. माझं प्रतिज्ञापत्र, खूण केली. कर्जत, खूण केली. खुर्च्यांच्या नकलेच्या तीन प्रती, खूण केली.

काष्टी. बाकी.